दर्शना, तुझी गौरीच्या गाण्यांची फाईल

गौरी आल्या गो दर्शना, काल. आपल्या घरात नाय. शेजारच्या वत्सलाकडे आल्या, वरच्या वाडीत आल्या, सगळीकडे आल्या. आपल्या ओटीवर यंदा तेरडा नाय, सुपं नाय, काय नाय. घरात माणूस गेलं की वरीसभर सण नाय नि गाणं नाय. मी पडवीत बसून लांबनं बायकांचे पाय ऐकले. फेर धरलान की जमीन कशी घुमते, तुला ठाऊक हाय.

आता प्रकाश माझ्यासमोर बसलाय, तुझा लॅपटॉप मांडीवर घेऊन. मी बोलतेय, तो एका बोटानं टाइप करतोय. मधेच म्हणतो, "आये, हळू." मी म्हटलं, हळू कसं बोलू, मधे थांबले तर पुढचं जाईल. तुला बरोबर कळायचं कुठं थांबायचं नि कुठं नाय. हा नवरा तुझा, टायरच्या दुकानात जन्म गेला, याचं बोट त्या बटनांवर बसतच नाय.

काय सांगू तुला. फाईल अर्धी टाकून गेलीस.

हे सगळं चालू झालं ते गेल्या साली, गौरीलाच. फेरात मी पुढं होते. माझं वय झालं तरी गाणं सांगायला मीच पुढं, बाकीच्या मागनं झेलायच्या. सांगत होते, सांगत होते आणि मधेच पुढची ओळ नाय. पाय चालू, टाळ्या चालू आणि तोंडात काय नाय. विहिरीत कळशी सोडावी नि दोरच हातात यावा तसं. बायकांना वाटलं म्हातारी दमली. त्यांनी दुसरं गाणं धरलं. तू चुलीजवळ वडे तळत होतीस, झारा हातात घेऊन दारात आलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिलीस. एकटी तूच बघितलंस.

त्याच्या आधीपासनं तुला कळलेलं होतं, खरं ना? आमटीत मी मीठ दोनदा घालायचे. पावण्यांपुढं तू पटकन म्हणायचीस, "आज मीच घातलं दुसऱ्यांदा, लक्ष नव्हतं." आत येऊन त्यात नारळाचं दूध ओतायचीस नि कोकम टाकायचीस. मला बोलली नायस कधी. मी पण बोलले नाय.

मग रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलंस. त्यांनी मला काय काय वस्तूंची नावं सांगितलीन, थोड्या वेळानं परत विचारलीन. मी म्हटलं, "डॉक्टर, बाजार भरायचाय तर लिहून द्या ना, मला कशाला पाठ करायला लावता?" ते हसले, तू पण हसलीस. मग मला बाहेर बसवून त्यांनी तुला आत काय सांगितलं ते तू मला कधी फोडून सांगितलं नायस. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलीस. हातखंबा आला तेव्हा म्हणालीस, "आई, तुमची सगळी गाणी मी आता उतरवून घेणार."

मी म्हटलं, "उतरवून घेतेस म्हणजे मी मरणार काय?"

"नाही. मी कंटाळलेय म्हणून."

"टायपिंग सोडलंस त्याला किती वर्षं झाली, आता आठवलं काय?"

"तुम्हाला आठवतंय ना मी टायपिंग करायचे ते? मग झालं तर."

लग्नाआधी गुहागरला आणि नंतर इकडे पण तू टायपिंगच्या दुकानात होतीस. कॉलेजच्या पोरांचे जाडजूड प्रबंध टाइप करायचीस. भातशेतीत पडलीस तेव्हा सुटलं ते. पण हात विसरले नव्हते. ओटीवर बसून मी म्हणायची आणि तुझी बोटं अशी चालायची, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी.

पयल्यांदा जी गंमत झाली ती आठवते काय? गाण्याला नाव काय द्यायचं म्हणून तू प्रत्येक गाण्याची पयली ओळ घेतलीस. तुझ्या दुकानात प्रबंधाला असंच करायचीस म्हणे, वरची ओळ ती हेडिंग. पीडीएफ केलीस, माझ्यासमोर फोन धरलास आणि स्वतःच कपाळाला हात लावलास. बाजूला नावांची रांग आली होती, वरनं खालपर्यंत एकच ओळ. आधी हात जोडीन गो गावच्या आईला. परत आधी हात जोडीन गो गावच्या आईला. परत तेच. खाली खाली सगळं तेच.

"आई, ही सगळी एकच!"

"एकच कशी? म्हणून बघ. पुढं सगळी वेगळी हायत."

"पण सुरुवात सगळ्यांची एकच कशी?"

"गावच्या आईला, देवीला, सोडून गाणं सुरू करशील काय तू? फेर मोडेल नि कंबर पण मोडेल."

तू हसून हसून आडवी झालीस. मी पण हसले, पण मला कळलं नव्हतं कशाला हसतोय. आमच्यात गाण्याला पयल्या ओळीनं कोण ओळखत नाय गो. फेरात बाई हाळी देते, "गंगूचं धर!" झालं, सगळ्यांना कळलं. गंगूचा घोव बायकोला ठेवून दुबईला गेला तो आला नाय परत, ती गौरीला यायची नि एकच गाणं सांगायची, म्हणून ते गंगूचं. पारू आतेचं वेगळं. काशीचं वेगळं. बायका मेल्या पण गाणं त्यांच्या नावावर राहिलं.

तू म्हणालीस, "आई, मुंबईच्या पोरींना गंगू कोण, पारू आते कोण, काय माहीत? त्या कशा शोधणार?"

"नाय माहीत तर कळू दे."

"कळू दे कसं? मोबाईलवर नाव बघून दाबायचं असतं. सुपाचं, विहिरीचं, माहेरचं असं काहीतरी द्या."

"सुपाची हायत पाच-सहा. कुठलं सूप?"

चार दिवस भांडलो आपण. मी तुला म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुमचं तुम्ही करा, मी नाय सांगत गाणी. तू म्हणालीस, नका सांगू, मी पण नाही टाइप करत, मला पण भात काढायचाय. मग संध्याकाळी चहा घेऊन आलीस आणि लॅपटॉप उघडलास. मी बघितलं तर नाव टाइप केलेलंस, गंगूचं. आणि पुढं छोट्या अक्षरात, वाट बघण्याचं. दोन्ही ठेवलंस. माझं पण नि तुझं पण. चहा घेतला मी. चहात साखर जास्त होती.

आणखी एक शिकवलंस मला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, पुढं आवस, माझी आय, आजारी पडली नि गुरं माझ्याकडे आली. अक्षरं जुळवून वाचते, बोट ठेवून. मी म्हटलं, गाण्याचं नाव चांगलं मोठं कर, काळंभोर कर, म्हणजे दिसेल. तू म्हणालीस, "आई, मोठं काळं केलं म्हणजे ते हेडिंग होत नाही. माणसाला दिसतं, मशीनला कळत नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं की हे नाव आहे आणि याच्या खाली गाणं आहे. तेव्हाच पीडीएफ करताना ते नाव बाजूला येतं आणि दाबलं की थेट तिथे नेतं."

"मशीन आंधळं हाय तर."

"आंधळंच. सांगू तेवढंच ऐकतं."

"मग आपल्या प्रकाशसारखं."

"प्रकाश तेवढं तरी कुठे ऐकतात!"

बघ, हे टाइप करताना थांबला बघ. लिही रे. खोटं बोलली काय ती?

मी कधी तुला माझ्या दिवसांचं फार सांगितलं नाय. कशाला सांगायचं. घोव मुंबईला खाणावळीत स्वयंपाकी, वर्षातनं दोनदा यायचा, शिमग्याला नि गणपतीला. एका साली गणपतीला आला नाय, त्याचा भाऊ आला, पिशवीत राख घेऊन. मला तोंड पण बघायला मिळालं नाय. प्रकाश तेव्हा दुपट्यात. मी चिऱ्याच्या खाणीवर गेले. डोक्यावर चुंबळ, त्याच्यावर चिरा, खाली ट्रकपर्यंत न्यायचा. लाल धूळ तोंडात, नाकात, थुंकलं तरी लाल. पावसात खाण बंद, मग दुसऱ्यांची लावणी, पोटाला पेज नि वर वाळकं सुंगट, मासळी म्हणून तेवढंच. खाणीवर आम्ही बायका गाणी म्हणायचो. गाण्यानं चिरा हलका होत नाय, कोण सांगेल तर खोटं हाय ते. पण दिवस जातो. गाण्यातली गंगू रडत असते, आपण नाय. येवढाच उपयोग.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुला पयल्या वर्षी चांगली वागवली नाय, असं तू वत्सलाला म्हणालेलीस. मला कळलेलं. मी मनात म्हटलं, म्हणू दे. मला कोणी वागवलं होतं? आता बोलून काय. पण तुझा ओवसा होता त्या पयल्या गौरीला, नव्या सुनेनं गौरीपुढं सुपं धरायची तो, सुपं भरून तू उभी राहिलीस, तोंड घामानं भिजलेलं, सुपं जड, आणि तू एक पण खाली टेकवलं नायस. तेव्हा मला वाटलं, ही टिकेल. बोलले नाय. तेव्हाच बोलायचं होतं काय गो? तुला ऐकायला हवं होतं काय ते? विचारायला तू नायस.

त्या एका गाण्यावरनं आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. सुनेला विहिरीत लोटतात ते गाणं. ते आम्ही सासवांपुढं म्हणत नव्हतो, बारीक आवाजात, गौरी झोपवल्यावर म्हणायचो. मी म्हटलं, ते घालू नको फाईलीत. अशुभ हाय. तू म्हणालीस, "सासूनं सांगितलेलं सासूविरुद्धचं गाणं, हे तर सगळ्यात पहिलं पाहिजे." मी रागावले. तू म्हणालीस, "तुमची बदनामी आहे का त्यात? तुम्ही कुठे मला लोटलंत?" मी म्हटलं, "लोटणार होते, विहीर लांब पडली." तू हसलीस खरी, पण गाणं घालायचं का नाय ते ठरलं नाय. म्हणालीस, लावणी झाली की बघू.

तर लावणी. चिखलात होतीस तू दिवस दिवस. पायाला कुंपणाच्या गडग्याचा दगड लागून चिरलेलं, हळद भरलेलीस. ताप आला. कावीळ म्हणाले, मग लेप्टो म्हणाले, मग कोल्हापूरला न्या म्हणाले. गाडीत तुला आडवं घातलं तेव्हा तू डोळे उघडलेस नि मला म्हणालीस, "आई, भात कुकरमध्ये आहे, जेवा. विसरू नका."

नाय विसरले. जेवले मी. तुझा वाढून ठेवला.

हे कसलं गो झालं. पिकलेलं पान तिथंच राहिलं नि हिरवी फांदी मोडली. डोकं माझं वाळतंय, जायला निघालेली मी आणि तू गेलीस. देवाला मोजता येत नाय काय? गावच्या आईला आधी हात जोडले, सगळ्या गाण्यांत जोडले, जन्मभर जोडले, तिनं काय बघितलं? मी रात्री, दिवसा, कधी पण हेच विचारते.

वाडीच्या बायका मुंबईत राहतात, दिव्याला नि विरारला, त्यांनी तुला फाईल मागितलेली. गौरीच्या आधी वत्सलाच्या सुनेचा फोन आला, "प्रकाशभावजी, दर्शनावहिनी फाईल देणार होत्या. आम्हाला फेरात म्हणायचीत." प्रकाशनं तुझा लॅपटॉप उघडला. तुझी पीडीएफ जुनी होती, नंतर तू आणखी टाइप केलेलंस, म्हणून त्यानं नवीन केली. पाठवली. दुसऱ्या दिवशी परत फोन. "भावजी, बाजूला नावंच नाहीत. पानं सरकवून सरकवून बोटं दुखली. गंगूचं मिळत नाही. वहिनींनी दाखवलेल्या फाईलीत नाव दाबलं की जायचं."

प्रकाशनं बघितलं. अक्षर न अक्षर जाग्यावर. तुझे स्वल्पविराम पण जाग्यावर. पण बाजूची रांग नाय. परत केली, परत नाय. मोठी अक्षरं केलीन नावांची, काळी केलीन, परत केली. नाय. मी म्हटलं, "अरे, तिनं सांगितलेलं, मोठं करून होत नाय." तो म्हणाला, "मग कसं होतं ते सांग." मला काय ठाऊक? तू त्याच्या आतलं मला कुठं दाखवलंस.

त्यानं झाकण असं आपटलं. "माझ्याच्यानं नाय होत. तिचं काम हाय ते, मी कशाला हात लावला!" बाहेर जाऊन गडग्यावर बसला. स्मशानात रडला नव्हता तो, दर्शना. बाराव्याला रडला नव्हता. लोक म्हणाले, दगड हाय. त्या दिवशी गडग्यावर बसून रडला, तोंडात शर्टाची बाही धरून. मी दारात उभी राहून बघितलं. जवळ गेले नाय. पुरुषमाणूस रडत असताना जवळ जावं काय ते मला कधी कोणी शिकवलं नाय.

दुसऱ्या दिवशी तुझ्या त्या दुकानातल्या बाईंना फोन केलान. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रिंटमधून केलीत ना? प्रिंटमधून गेलं की नुसता कागद जातो हो, नावं मागेच राहतात. सेव्ह ॲजमध्ये जा, पीडीएफ निवडा, तिथे ऑप्शन्स असतं. त्यात एक लहान चौकट आहे, हेडिंगवरून बुकमार्क तयार करा अशी. तिला टिक करा. दर्शना आमच्या सगळ्या मुलींना हेच ओरडून सांगायची."

येवढीच गोष्ट होती. एक चौकट.

प्रकाशनं केलं नि फोन माझ्या हातात दिला. रांग आली. गंगूचं, वाट बघण्याचं. पारू आतेचं, सुपातल्या काकडीचं. सगळी. मी बोट ठेवलं, पान पळत गेलं आणि गाण्यावर थांबलं. मी वाचलं, जुळवून जुळवून. तुझा आवाज नाय त्यात, माझाच हाय, पण टाइप करताना मधे जिथं मी खोकले तिथं तू रेघ मारलेलीस. हसू आलं मला. मग नाय आलं.

कारण खाली, रांगेच्या शेवटाला, ती नावं होती. तू म्हणालेलीस, "आई, नावं आधी टाकून ठेवते. नाव असलं की गाणं मागून येईल." काशीचं. खालच्या विहिरीचं. पावण्याचं. सोनकीचं. आणखी हायत. मी काशीवर बोट ठेवलं, पान पळालं, थांबलं. वर मोठ्या अक्षरात काशीचं, आणि खाली पांढरं. सोनकीचं, खाली पांढरं. विहिरीचं, पांढरं. पानं नुसती पांढरी, कातळावर ऊन पडल्यासारखी.

काशी मला आठवते. नथ दातात धरून भात कांडायची, दिसते मला. तिचा आवाज कसा फाटका होता तो आठवतो. तिचं गाणं नाय आठवत.

मी प्रकाशला म्हटलं, बस, मी सांगते, तू टाइप कर. म्हटलं गाणं म्हणायचं नाय वर्षात तर नुसते शब्द सांगू, बोलल्यासारखं, दुखवट्याला बाधत नाय. पण गो, चाल धरल्याशिवाय शब्द येत नाय. ते वेगळे नसतातच. मी तोंड उघडायची, "काशीनं..." आणि पुढं नाय. प्रकाश बोट धरून बसलेला. मला घाम फुटला. तुला ऐकूनच लक्षात आलं असतं, तू पाटावर बोटं वाजवायला लागायचीस, मला चाल मिळायची नि गाणं यायचं. त्याला ते ठाऊक नाय.

मग मी म्हटलं, जाऊ दे दुखवटा. दार लोटलं नि गाऊ लागले. बारीक आवाजात. तरी वत्सलाला ऐकू गेलंच, तिचे कान तर तुला ठाऊक. आली पडवीतनं, दार ढकलून आत.

"काय गो, लाज हाय काय? सून जाऊन चूल निवली नाय आणि गाणी?"

"वरीस थांबू काय, वत्सले? वर्सानं मी असेन काय? असले तरी माझ्या डोक्यात गाणं असेल काय?"

"भाऊकी काय म्हणेल?"

"सांग भाऊकीला, म्हातारी वेडी झालीय. खोटं नाय पडणार तुझं."

ती उभी राहिली जरा. मग उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "कुठलं म्हणत होतीस?"

"काशीचं."

ती पण आठवू लागली. आम्ही दोघी, हातावर हात ठेवून बसलो, ती एक चाल धरायची, मी दुसरी धरायची, दोन्ही काशीच्या नव्हत्या. वत्सलाला पण नाय आलं, दर्शना. मला वाटलेलं माझंच डोकं गेलंय, निदान तिच्याकडे असेल. तिच्याकडे पण नाय. म्हणजे ते कुणाकडेच नाय आता. काशी परत मेली.

आणि मग मला आलं ते कुठलं? उंदराचं. लहानपणी फुगडीला म्हणायचो ते, उंदीरमामा सासरी जातात ते. अख्खं आलं, पयल्यापासनं शेवटापर्यंत, एक ओळ न अडता. त्या पांढऱ्या पानांना ते नको होतं, कुणाला नको होतं. वत्सला फिस्सकन हसली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतलीन. मी प्रकाशला म्हटलं, घाल ते पण. आलंय ना, घाल.

आणि ते विहिरीत लोटलेल्या सुनेचं गाणं पण मी सांगून टाकलंय त्याला. ते शाबूत होतं. घातलंय, तुझं म्हणणं ठेवलंय. अशुभ काय व्हायचं ते होऊन गेलंय.

बाकीची पानं पांढरीच हायत. तशीच राहतील.

आता का सांगत बसलेय हे सगळं, ते सांगते. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत मी सकाळी चुलीपाशी बसून हाक मारली, "दर्शना, आधण झालं गो, तांदूळ आण." प्रकाश न्हाणीतनं ओल्या अंगानं बाहेर आला. "आये," म्हणाला. येवढंच. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. म्हणजे परत कळलं. पयल्यापासनं, कोणी आताच येऊन सांगितल्यासारखं. मी जमिनीवर बसले ती उठलेच नाय.

परवा परत झालं. गौरीच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, "दर्शना तेरडा आणायला गेली काय?"

आज सकाळी तो माझ्यापुढं बसला, खाली बघत म्हणाला, "आये, यापुढं तू विचारलंस ना, तर मी सांगत जाईन, ती माहेरी गेलीय गुहागरला, येईल. तुला त्रास नको."

लेकरू माझ्या जिवासाठी बोलत होतं. मला कळतंय ते. पण मला राग आला, दर्शना, फार राग आला. म्हटलं, "खोटं सांगशील मला? मी वाट बघत बसेन. रोज बघेन. मनात म्हणेन, कशी बाई ही, सासूला असं टाकून माहेराला जाऊन बसली, फोन नाय, काय नाय. तुझ्या बायकोला शिव्या घालीन मी, मेलेल्या बाईला. चालेल तुला?"

त्यानं नाय म्हणून मान हलवली.

"मग एक काम कर," म्हटलं. "त्या फाईलीत आणखी एक नाव घाल. दर्शना म्हणून. मी बोलते ते सगळं त्याच्या खाली टाइप कर. मी विसरले की ते नाव दाब आणि मला वाचून दाखव. ती गेली. कशी गेली. कशी होती. परत तुटेन, तुटू दे. पण तू गेलीस हे तुझं हाय, माझं हाय, ते माझ्याकडनं कोणी काढून घ्यायचं नाय."

प्रकाश म्हणाला, "दर वेळी, आये? मी वाचू हे, दर वेळी?"

"व्हय."

तेव्हापासनं तो टाइप करतोय. आणि मी बोलता बोलता मला आता कळतंय मी त्याच्यावर काय घातलंय ते. मला दर वेळी नवं असेल. त्याला जुनं असेल, तेच, परत परत, स्वतःच्या तोंडानं. तेव्हा त्याचं काय होतंय ते बघायला माझं डोकं जाग्यावर नसेल. आज हाय. गडग्यावर गेला होता त्या दिवशी मी दारात उभी राहिले. आज नाय राहायची.

लॅपटॉप ठेव खाली, प्रकाश. पुरे आता. ये इकडे.